माझा गारवा, आजींचा उकाडा

रात्रीचे साडेअकरा. उद्याची डेडलाइन. विषय ग्रीन बिल्डिंग! हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरबद्दल मी अगदी रंगवून लिहीत होते. २००४ साली उद्घाटन, अमेरिकेबाहेरची पहिली लीड प्लॅटिनम इमारत, मधोमध अंगण, भिंतींना जाळ्या, आत येणारी हवा आधीच गार करणारे विंड टॉवर... सॉलिड ना? आणि हे सगळं लिहिताना माझा एसी होता १८ वर आणि अंगावर चक्क दुलई!

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या आजी. ‘‘अगं, तू ते मशीन किती वाजता बंद करतेस? म्हणजे तेव्हा उठून मी खिडकी उघडत जाईन.’’

तक्रार नव्हती हो, फक्त वेळ विचारत होत्या. आमच्या दोघींच्या बेडरूम एकाच डक्टवर उघडतात. माझ्या आउटडोअर युनिटची झळ थेट त्यांच्या खिडकीत. आठ दिवस त्या खिडकी लावून झोपत होत्या. पुण्यातल्या एप्रिलमध्ये! त्यांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

एसीचा फंडा तसा सोपा आहे. तो गारवा ‘तयार’ करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो, त्यात स्वतःची भर घालतो आणि बाहेर फेकतो. ‘बाहेर’ कोणीतरी राहत असतं, हे मात्र कंपनीच्या जाहिरातीत नसतं.

दुसऱ्या दिवशी चहा घ्यायला आजींकडे गेले. त्यांचं अर्धं आयुष्य पेठेतल्या वाड्यात गेलेलं. ‘‘वर कौलं, त्याखाली पोटमाळा, मग आम्ही. ऊन आमच्यापर्यंत पोचेपर्यंत दमायचं!’’ जाड भिंती, मधला चौक, समोरासमोर दारं. हैदराबादचं अंगण पेठेत आधीपासूनच होतं की! पण नळावरची भांडणं सांगायलाही आजी विसरल्या नाहीत. वाड्यात परत कोणालाच जायचं नाहीये, मलाही नाही.

पण एक गोष्ट डोक्यात बसली. आपण घर आधी तापू देतो आणि मग पैसे भरून गार करतो. आमचा शेवटचा मजला. डोक्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो.

मग सेक्रेटरींच्या मागे लागून परवानगी काढली आणि रविवारी दोन मित्रांना पोह्यांची लाच देऊन गच्चीला चुना फासला. पांढरा रंग ऊन बऱ्यापैकी परतवतो, इतकं साधं शास्त्र. तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलंय. पावसात चुना धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी हा उद्योग आला. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. दुपारी त्यावर पाणी मारलं की मस्त सुगंधी वारा. (मुंबईकरांनो, सॉरी! ही जादू कोरड्या हवेतच चालते.)

एसी काढला का? नाही. खोटं कशाला बोलू? पण आता तो २६ वर असतो, सोबत पंखा. एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २०२० पासून स्टार लेबलवाले एसी २४ वरच सुरू होतात, तेही याचसाठी. १८ वर मीच नेत होते, रोज, हौसेने.

गेल्या आठवड्यात रात्री दहाला एसी बंद केला आणि खिडकी उघडली. डक्टपलीकडून कडी काढल्याचा आवाज आला. मग आजींच्या रेडिओचा. आवाज जरा मोठाच होता. पण म्हटलं, चालायचंच. आता एवढं तर त्यांचंही चालणार!