बाहुकाची विद्या

मोटार चालविणे ही एक विद्या, आणि मागे बसलेल्या माणसास ती चालविली जात आहे हे कळूच न देणे ही दुसरी. पहिली आम्हांस पंचवीस वर्षांपासून अवगत आहे. दुसरीची आपणांस गरज आहे, असे मात्र वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत वाटले नव्हते.

निमित्त झाले आईच्या पाठीचे. न्हाणीघरात पाय घसरून तिच्या मणक्यास चीर गेली आणि ती तीन महिने अंथरुणास खिळली. पुढे डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर आम्ही तिला तपासणीसाठी मोटारीतून नेले. पहिल्याच चौकात सिग्नल हिरवा झाला, आम्ही नित्याच्या सवयीने क्लचवरचा पाय उचलला, गाडीने हिसका दिला आणि मागून "आई गं!" असे शब्द आले. ऐंशी वर्षांची आमची आई आपल्या आईस हाक मारीत होती. घरी आल्यावर तिने एवढेच सांगितले की, आता आपण गाडीत बसणार नाही. वास्तविक तिची एकच इच्छा उरली होती : कौंडण्यपुरास जाऊन रुक्मिणीची ओटी भरावयाची. रुक्मिणीचे ते माहेर. आणि त्याच पंचक्रोशीत आईचेही. अमरावतीहून सुमारे ४० किलोमीटरांची ती वाट. आमच्या एका हिसक्याने ती बंद झाली.

शेजारी एस. टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका राहतात. आम्ही संकोचत त्यांच्याकडे गेलो. पंचवीस वर्षे मोटार चालविणाऱ्याने ती शिकावयास जावे, ह्यात थोडी नामुष्की आहेच. काका मागच्या आसनावर बसले, त्यांनी डोळे मिटले व म्हणाले, "चाला भाऊ." फर्लांगभर गेल्यावर तसेच डोळे मिटून त्यांनी निकाल दिला : "क्लच सोडाचा नसते भाऊ, वर येऊ द्याचा असते."

हे वाक्य व्याकरणाच्या शिक्षकास रुचणार नाही. परंतु सगळे शास्त्र त्यात आले आहे. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटास आठशेच्या आसपास फेरे घेत असते आणि चाके मात्र स्थिर असतात. ह्या दोघांची गाठ घालून देणारी मधली तबकडी म्हणजे क्लचप्लेट. पायाने दाबले की ती इंजिनापासून सुटते; पाय उचलला की स्प्रिंगच्या जोराने त्यास चिकटते. चिकटण्यापूर्वी ती क्षणभर घासते, आणि गाडी सुखाने हलते ती ह्या घासण्याच्या क्षणी. त्या जागी पाय थबकला पाहिजे. आम्ही तो क्षण आजवर उडी मारून ओलांडीत होतो. (तिथेच पाय ठेवून बसण्याची खोडही वाईट, तिने क्लचप्लेट जळते.) वरून खालच्या गिअरमध्ये येताना इंजिनास आधी थोडा वेग द्यावा आणि मग पाय सोडावा. आणि ब्रेक? थांबण्याच्या अगदी शेवटच्या हातभर अंतरात तो किंचित सैल करावा, म्हणजे गाडी मान मागे टाकीत नाही. काकांनी ह्या एका गोष्टीवर चार दिवस घालविले.

डोळे मिटून बसलेले काका "आता दुसरा पडला", "हा तिसरा घाईनं" असे सांगत, तेव्हा आम्हांस दमयंतीचे स्मरण होई. विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हेच कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. ऋतुपर्ण राजास घेऊन बाहुक अयोध्येहून एका दिवसात येथे आला, ही महाभारताच्या वनपर्वातील कथा वाचकांस ठाऊक आहेच. राजाचे उपरणे उडाले, ते घ्यावयास थांब म्हणेपर्यंत ते योजनभर मागे पडले होते. लोक ह्या वेगाचे कौतुक करतात. आम्हांस मात्र पुढचा भाग मोलाचा वाटू लागला. रथाचा मेघासारखा गंभीर घोष ऐकून राजवाड्यावरचे मोर ओरडले, आणि दमयंतीने, सारथ्याचे विद्रूप झालेले मुख दिसण्यापूर्वीच, हा नलाचा हात असला पाहिजे असे जाणले. रुक्मिणीस घेऊन गेलेला श्रीकृष्णाचा रथही ह्याच गावचा. पण तिथे मागे रुक्मी लागला होता. अशा घाईत हिसक्यांचा हिशोब कोण ठेवतो?

हल्ली आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या आहेत, आणि विजेच्या गाडीत तर क्लचच नसतो. त्याबद्दल आम्हांस खंत नाही. आमच्या दारात उभी होती ती मात्र पायाने चालविण्याची.

सव्वा महिन्याने आईने होकार दिला. तोही आमच्यावर विसंबून नव्हे. काकांनी शब्द दिला म्हणून. मोझरी, तिवसा मागे पडले. कुऱ्ह्याकडे वळल्यावर दुतर्फा कपाशी फुटलेली होती. मंदिराच्या अलीकडे चढावरच समोर एक बैलगाडी थांबली आणि आमच्या तळव्यांस घाम सुटला. हातब्रेक ओढला, पाय हळूहळू वर येऊ दिला. बॉनेट किंचित उचलल्यासारखे झाले, तेव्हा ब्रेक सोडला. गाडी निघाली. आरशात पाहिले, तर आई खिडकीतून पऱ्हाट्यांकडे पाहत होती. ह्या गावाहून आषाढीस रुक्मिणीची पालखी पायी पंढरपुरास जाते. लहानपणी आपण तिच्यामागे वेशीपर्यंत धावत होतो, असे ती सांगू लागली. ओटी भरून झाल्यावर वर्धेच्या पात्राकडे पाहत ती बराच वेळ बसली. आम्ही निघण्याची घाई केली नाही.

परतताना ती झोपली. तिवशापुढे एक गतिरोधक आम्हांस उशिरा दिसला, तरी तिची मान हलली नाही. अमरावतीत शिरलो, सगळे चौक निभावले आणि आता पोहोचलोच ह्या आनंदात घराच्या फाटकातून आत घेताना पाय सुटला. गाडी एक हिसका देऊन बंद पडली.

आईने डोळे उघडले. "आलं वाटते घर," ती म्हणाली.