कामाचा ताण आणि राजीनाम्याची वेळ

नोकरी सोडावी का, हे केवळ कामाच्या तासांवरून ठरत नाही. आपल्या कामाची गती आणि क्रम ठरवणे माणसाच्या हातात किती उरले आहे, हे आधी पाहावे लागते. कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार थोडा, असे काम सर्वाधिक ताण देते, हे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडले.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यात याचा अर्थ लगेच कळतो. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि सुट्या भागांचे कारखाने त्याभोवती वाढले. वाहन उद्योगात साठा कमीत कमी ठेवतात. त्यामुळे वाहनांची मागणी जरा हलली, की पुरवठादाराचे शिफ्टचे नियोजन कोलमडते आणि तो भार सुपरवायझर व तरुण इंजिनिअरवर येतो. कामगाराला आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे; व्यवस्थापक आणि बहुतेक सुपरवायझर या संरक्षणाबाहेर राहतात. त्यांच्या जादा तासांची अनेकदा नोंदही होत नाही. हा कायद्यातला मोठा अन्याय आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो. साधा थकवा सुट्टीने उतरतो. सुट्टीनंतरही झोप लागत नसेल, कामाबद्दल तिटकारा वाटत असेल, नेहमीची कामे चुकत असतील, तर प्रश्न आरोग्याचा झालेला असतो. जगणेच नकोसे वाटू लागले, तर राजीनाम्याचा विचार थांबवून आधी उपचार घ्यावेत. शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

प्रकृती इतकी ढासळलेली नसेल, तर विभाग किंवा शिफ्ट बदलण्याची मागणी लेखी करावी. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला विमाधारक कामगार राज्य कामगार विम्याच्या डॉक्टरचा दाखला आणि पुरेशी वर्गणी असल्यास वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतनावर आजारपणाची रजा घेऊ शकतो. ही सोय असताना घाईने राजीनामा देणारे बरेच असतात.

मग हिशेब. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षे लागतात. दर वर्षामागे शेवटच्या वेतनाच्या दराने 15 दिवसांची रक्कम मिळते, महिना 26 दिवसांचा धरून. पाच वर्षांना दोन-तीन महिने उरले असतील आणि शरीर साथ देत असेल, तर थांबणे योग्य. घराचा हप्ता, मुलांची फी आणि नोटीस पिरियड यांचीही बेरीज आधीच करावी.

राजीनामा तारखेसह लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वेतन संहितेनुसार थकीत पगार नोकरी सोडल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत मिळायला हवी.