हाव म्हणावं की नाही म्हणावं?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वस्तीत, विहारात, रात्री आम्ही दहावी-बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. 'क्वेश्चन टॅग' आला की पोरं खूश, कारण हक्काचा गुण. वाक्य होकारी तर टॅग नकारी, वाक्य नकारी तर टॅग होकारी. सहायक क्रियापद तेच, पुढे सर्वनाम. 'शी इज अ टीचर, इजन्ट शी?' 'दे डिडन्ट कम, डिड दे?' वाक्यात 'नेव्हर' किंवा 'हार्डली' असेल तर 'नॉट' नसूनही ते नकारीच धरायचं. 'लेट्स'ला 'शॅल वुई'. मराठीत ही कटकट नाही, एक 'ना' सगळीकडे चालतो. म्हणून आपली माणसं इंग्रजीतही सगळ्याला 'इजन्ट इट' जोडून मोकळी होतात. (त्यात हसण्यासारखं काही नाही.)

पण टॅग लावता येणं वेगळं आणि टॅगला उत्तर देता येणं वेगळं. हे आम्हाला गाईडने नाही, एका मुलाखतीने शिकवलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली; आम्ही त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. बी.ए. होऊन नागपूरला एका कंपनीत गेलो. साहेबांनी अर्ज पाहून विचारलं, 'यू हॅवन्ट डन एनी कम्प्युटर कोर्स, हॅव यू?' आम्ही ठणकावून म्हणालो, 'येस सर.' मनात होतं, 'हाव साहेब, नाही केला.' त्यांनी ऐकलं, 'केला आहे.' लगेच सर्टिफिकेट मागितलं. ते कुठून देणार? खोटारडे ठरून बाहेर आलो. चूक कुठे झाली हे कळायला पुढे दोन वर्षं लागली. आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला हो म्हणतो. इंग्रजीत उत्तर वस्तुस्थितीला द्यायचं असतं. केलं नसेल तर 'नो, आय हॅवन्ट', समोरचा कसाही विचारो.

मित्रांनो, मामला फक्त मार्कांचा नाही. असा प्रश्न उत्तर आधीच ठरवून तुमच्या तोंडात घालतो. कायद्यात त्याला सूचक प्रश्न म्हणतात. 1872 च्या पुरावा कायद्याने उलटतपासणीत त्याला मुभा दिली, 2023 च्या नव्या कायद्यातही ती आहे. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आपली एखादी आजी पिंजऱ्यात उभी असते आणि वकील चक्क मराठीत विचारतो, 'बाई, तुम्ही स्वतः पाहिलं नाही ना?' ती म्हणते, 'हाव.' आता या 'हाव'चा अर्थ पाहिलं, की नाही पाहिलं? कोट घातलेल्या माणसाला हो म्हणायची सवय पिढ्यांची आहे, ती एका समन्सने जात नाही. साक्षीला जाणाऱ्याला आम्ही एवढंच सांगतो: नुसतं हाव म्हणू नका, 'पाहिलं' किंवा 'नाही पाहिलं' असं पूर्ण बोला.

वर्गातही आता टॅग नुसते लिहून घेत नाही, एकेकाला उभं करून विचारतो. परवा दिवसभर कापूस वेचून आलेली एक पोरगी पेंगत होती. आम्ही मुद्दाम आवाज चढवला, 'यू डोन्ट वॉन्ट टू स्टडी, डू यू?'

ती दचकून उठली. 'येस सर, आय डू.'