नाव एक, लिप्या तीन

आपल्या सीमाभागात माणसाचे एका नावावर भागत नाही. घरात हाक मारायचे नाव वेगळे असतेच, ते कुठेही असते. पण आपल्याकडे कागदावरचे नावही तीन तऱ्हांचे. शाळेच्या दाखल्यावर मराठी, रेशनकार्डावर नि जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड, बँकेच्या पासबुकावर इंग्रजी. बोलताचालताना याची कधी अडचण होत नाही. गणपत गल्लीतला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कन्नडातून घासाघीस करतो आणि त्याच दमात दुसऱ्याला मराठीतून उधारीची आठवण देतो. अडचण होते ती संगणकाची. त्याला अक्षरे दोन दिसली की माणसेही दोन.

गेली पंचवीस वर्षे माझा व्यवसाय हाच आहे. माहितीच्या नोंदी नीट लावून ठेवणारे आणि हव्या तेव्हा हुडकून देणारे प्रोग्राम मी लिहितो. लोकांना वाटते, याला गणिताचे मोठे डोके लागत असेल. थोडेफार लागते. पण या मुलखात काम करायचे तर त्याहून जास्त लागते ती माणसांच्या नावांची जाण.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे जुने दप्तर संगणकावर चढवले गेले. प्रोग्राम दुसऱ्या कोणी लिहिलेला. मला बोलावणे आले ते तक्रारी वाढल्यावर. त्यातली एक तक्रार सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची होती. यजमान वारलेले, त्यांच्या नावची ठेव मुदत संपून तशीच पडलेली. वारसाच्या रकान्यात आजींच्या नावापुढे ‘बाई’ होते आणि आधार कार्डावर त्याच नावापुढे ‘व्वा’. माहेर कन्नड, सासर मराठी. दोन्ही नावे त्यांचीच. संगणक म्हणे, जुळत नाही. सहा महिने त्या हेलपाटे घालत होत्या. काउंटरवरचा मुलगा मला पडद्यावरच्या दोन नोंदी दाखवत असताना मागून आजी म्हणाल्या, “आरं बाबा, मी दोघी न्हवं, एकलीच हाय.”

डेटाबेसचे अर्धे शास्त्र या वाक्यात आले. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि प्रत्येक ओळ ओळखता यावी अशी तिला एक किल्ली असावी, हा त्यातला मुख्य विचार. आजचे बहुतेक हिशेबी प्रोग्राम याच पायावर उभे आहेत. आता ही किल्ली कोणती, यावर सगळे अवलंबून. नाव ही किल्ली होऊ शकत नाही. ते बदलते, लग्नानंतर बदलते, लिपीगणिक बदलते, शिवाय एकाच नावाची चार माणसे एका गल्लीत निघतात. म्हणून सभासदाला एक क्रमांक द्यायचा आणि नावांचा तक्ता वेगळा करायचा. त्यात सभासदाचा क्रमांक, नाव, लिपी आणि ते कोणत्या कागदावरून घेतले हे लिहायचे. एका माणसाच्या चार ओळी झाल्या तरी बिघडत नाही. आपले जुने दिवाणजी काही वेगळे करत नव्हते. कीर्दीत नावाजवळ खाते पान लिहीत, ते याचसाठी.

राहिला प्रश्न, विखुरलेल्या नोंदी एकमेकींशी जुळवायच्या कशा? इथे एक गंमत सांगतो. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोड या पद्धतीने एक आकडा दिलेला असतो. देवनागरी ‘क’चा २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. फरक ८९६. देवनागरी ‘प’ २३४६, कन्नड ‘प’ ३२४२. फरक पुन्हा ८९६! आपल्या ‘ळ’लाही हेच लागू. भारतीय लिप्यांसाठी आधी ठरलेल्या आयस्की या मानकाची मांडणी युनिकोडने उचलली, त्यामुळे या दोन लिप्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या दोन चाळींसारख्या झाल्या आहेत. खोली क्रमांक तोच, चाळ वेगळी. कन्नड नावातल्या प्रत्येक अक्षरातून ८९६ वजा केले की नाव देवनागरीत येते. कन्नडात ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ निराळे आहेत, तेवढे हाताने सांभाळावे लागतात. बाकी काम चार ओळींच्या प्रोग्रामचे.

इंग्रजी स्पेलिंगचे दुखणे जरा अवघड. त्यावर साउंडेक्स नावाची जुनी युक्ती आहे. रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थांना तिचे पेटंट १९१८ साली मिळाले. पहिले अक्षर ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे आणि व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे. मग पाटील हे आडनाव ‘आय’ने लिहा की दोन ‘ई’ने, संकेत एकच येतो, पी-३४०. पण वाघांची पंचाईत होते. कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने. पहिलेच अक्षर वेगळे, म्हणून संकेतही वेगळा. तेव्हा आपल्याकडे आधी ही दोन अक्षरे एक करून घ्यावी लागतात. परदेशी अंगरखा आपल्या मापाने उसवून शिवायचा, तसेच हे.

आणखी एक चकवा मराठीतलाच. कऱ्हाडकर हे नाव पडद्यावर दोनदा अगदी सारखे दिसेल. पण एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. शोधायला गेलात तर एक सापडेल, दुसरे नाही. म्हणून साठवण्यापूर्वीच दोन्हींचे एक रूप करून घ्यावे.

एवढे करूनही एक नियम मी सोडत नाही. जुळवाजुळव संगणकाने सुचवावी, निर्णय माणसाने द्यावा. आपोआप जोडायला लागलो तर चुलत जावांची खाती एक व्हायची. त्या पतसंस्थेत आम्ही संशयित जोड्यांची यादी काढली आणि संचालकांनी गावातल्या जाणत्या माणसांना बसवून ती तपासली. आजींच्या दोन्ही नोंदींवर पंचांच्या सह्या झाल्या. एकही नाव खोडले नाही. दोन्ही नावे एकाच क्रमांकाखाली आली. ठेव त्यांना व्याजासकट मिळाली.

गावांच्या नावांचेही असेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या १२ शहरांची अधिकृत इंग्रजी नावे बदलली आणि ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. आपण बेळगाव म्हणत होतो, आजही म्हणतो. ज्या दप्तरात प्रत्येक ओळीत गावाचे नाव लिहिलेले होते, तिथे एकाच गावाची तीन गावे झाली. गाववार ठेवींची बेरीज काढली तर ती तीन ठिकाणी फुटते आणि वाचणाऱ्याला वाटते, ठेवी घटल्या! गावालाही क्रमांक द्यावा, आणि कोणते नाव कधीपासून कधीपर्यंत, हे वेगळ्या तक्त्यात ठेवावे. १९८० चा जन्मदाखला जुन्याच नावाने छापला जाईल आणि बेरीजही बरोबर येईल. तांदूळ निवडल्याशिवाय आपण आधणात टाकत नाही. माहितीचे विश्लेषणही निवडल्यावरच करावे.

आता हे सगळे मोबाइलवर आले आहे. खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर पिग्मी गोळा करणारा पोरगा फोन घेऊन हिंडतो, आणि तिथे रेंज नसते. अशा ॲपने पावती आधी फोनमध्येच लिहून ठेवायची असते. त्यासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बहुतेक फोनांत असतो. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली केला. रेंज आली की पावत्या कचेरीत जातात. दोन पोरांच्या पावत्यांवर १०१ हाच आकडा पडू नये म्हणून प्रत्येक फोनची खूण आकड्याला जोडायची, आणि वाटेत संपर्क तुटून तीच पावती पुन्हा आली तर पैसे दुसऱ्यांदा जमा धरायचे नाहीत. आधी कीर्द, मग खतावणी, ही आपली जुनीच शिस्त.

वाचकहो, या दिवाळीत घर आवरताना कागदपत्रांची पेटी उघडेलच. घरातल्या प्रत्येकाचे नाव कोणत्या कागदावर कोणत्या लिपीत कसे लिहिले आहे, हे एका पानावर उतरवून काढा. आजी-आजोबांपासून सुरुवात करा. त्यांच्या माहेरच्या आणि हाक मारण्याच्या नावांसकट लिहा आणि ते पान पासबुकांजवळ ठेवा.