हाडींमासीं खिळलेलें

विद्यार्थी मला कौतुकानें ‘हाडाचा शिक्षक’ म्हणत. दोन वर्षांपूर्वीं शल्यविशारदांनीं माझ्या उजव्या मांडीच्या हाडाचें डोकें कापून त्या जागीं टायटॅनियमची दांडी बसविली, तेव्हांपासून ही पदवी जरा जपूनच मिरवावी असें मला वाटूं लागलें आहे.

आमवातानें माझा तो खुबा बारा वर्षें धुमसत होता. सांध्यांतील असा दाह नुसता दुखवून थांबत नाहीं. हाड खाणाऱ्या पेशींना तो चेतवितो, हाड बांधणाऱ्या पेशींचा हात आखडतो, आणि शेजारचें हाड विरळ होत जातें. अशा भुसभुशीत भिंतींत खुंटी ठोकावयाची, आणि ती भिंतीनेंच धरून ठेवावयाची! मला भीति वाटे ती याचीच.

धीर दिला तो सशानें. १९५२ सालीं स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशांच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठीं हाडांत बसविलेली टायटॅनियमची कुपी ते प्रयोगानंतर काढूं गेले, तों ती निघेना. हाड तिला बिलगून वाढलें होतें. पुढें १९६५ सालीं त्यांनीं याच धातूचीं मुळें माणसाच्या जबड्यांत रोविलीं. हवेशीं गांठ पडतांच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो. हाडाला भेटतो तो हा थर, उघडा धातु नव्हे. मात्र ही सोयरीक जुळावयास दाह शमलेला हवा आणि धातु स्थिर हवा. तो सुमारें ०.१५ मिलिमीटरहून अधिक हलत राहिला, तर मध्यें हाडाऐवजीं तंतुमय पडदा येतो.

दाह औषधांनीं आधींच आटोक्यांत आणला होता. उरलें स्थैर्य, आणि उतावळेपणा तर माझ्या हाडींमासीं खिळलेला! सहा आठवडे अर्धाच भार टाकावयाचा होता. चवथ्याच आठवड्यांत कुबडी भिंतीशीं टेकवून मी दिवाणखान्यांत फेऱ्या घालूं लागलों.

“अहो,” दारांतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “त्या सशाइतकें तरी स्वस्थ बसा!”

मी बसलों. बसल्या बसल्या ध्यानांत आलें कीं, तीस वर्षें मीं वर्गांतही हेंच केलें. मुलांच्या डोक्यांत आज जें ठोकलें, तें रुजलें कीं नाहीं हें उद्यांच हलवून पाहिलें.

वर्षानें काढलेल्या क्ष-किरणचित्रांत हाड आणि धातु यांच्यामध्यें फट दिसली नाहीं. आतां वर्गांत प्रश्न विचारला, कीं मी थोडा वेळ गप्प उभा राहतों.