सोमवारची गोळी

आईच्या औषधांचा हिशोब ठेवायला मी पायथॉन शिकले, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल! वय पंचावन्न, पण हौसेला मोल नसतं.

सात दिवसांच्या सात ओळी, आणि सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने. एकूण 21 घरं, सगळ्यांत शून्य. गोळी दिली की त्या घरात एक टाकायचा. दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहितो ना आपण, अगदी तसंच. फक्त पायथॉन शून्यापासून मोजतं, म्हणजे सोमवार सकाळचं घर शून्य-शून्य. याची सवय व्हायलाच मला आठवडा लागला.

सात ओळी लिहायचा कंटाळा आला. मग तीन शून्यांची एकच ओळ केली आणि तिला सातने गुणलं. पायथॉनमध्ये हे चालतं. तक्ता देखणा दिसत होता.

सोमवारी सकाळी आईला बीपीची गोळी दिली, घरात एक टाकला. मंगळवारी मी पहाटेच बाहेर पडले. लेकीने लॅपटॉप उघडला, मंगळवार सकाळपुढे एक होता. तिला वाटलं, गोळी दिलेली आहे. संध्याकाळी आईच म्हणाली, "अगं, आज सकाळची गोळी कुठाय?"

माझ्या पोटात गोळा आला. तक्ता पाहिला तर सोमवारपासून रविवारपर्यंत सगळ्या सकाळी एक! आधी डॉक्टरांना फोन केला. सुदैवाने काही बिघडलं नव्हतं.

रात्री उलगडा झाला. गुणाकाराने सात ओळी झाल्याच नव्हत्या. खोली एकच, तिला दारं सात. सोमवारच्या दाराने आत जाऊन खुर्ची हलवली, तर रविवारच्या दारातूनही ती हललेलीच दिसणार. आता मी लूप फिरवते आणि दर फेऱ्यात नवी ओळ करते. गंमत म्हणजे ओळीतली तीन शून्यं गुणून घेतली तरी चालतात, कारण तिथे आपण आकडा बदलत नाही, त्याच्या जागी दुसरा ठेवतो.

तुम्हीही असं काही करत असाल, तर आधी एका घरात एक टाका आणि सगळा तक्ता छापून बघा. मी तो एक मिनिट वाचवला होता.

आईने मात्र भिंतीवर कॅलेंडर टांगलंय. पेन्सिलीने खूण करते आणि रोज रात्री विचारते, "तुझं यंत्र काय म्हणतंय?"