पोबारा

परवा भाच्याला फोनवर सहज म्हणालो, "मग मी तिथून पोबारा केला." तो म्हणे, "म्हणजे कल्टी मारलीस ना मामा?" तेच रे बाबा!

पण पोबारा मूळचा सोंगट्यांतला. पौ म्हणजे एक, आणि दोन फाशांचे सहा-सहा मिळून बारा. भारी दान. हिंदीत 'पौ बारह' म्हणजे अजूनही चंगळच. आपल्याकडे मात्र त्याच दानावर माणूस पळाला (सोंगटी भराभर सुटते म्हणून असेल).

अण्णा आजारी असताना मी दर रविवारी जायचो आणि चहा संपला की ट्रॅफिकचं निमित्त सांगून उठायचो. "झाला का पोबारा?" ते हसून विचारायचे. शेवटच्या रविवारी विचारलं नाही. चपला घालून मी थोडा वेळ दारातच उभा होतो.